ग्रीन कॅम्पस समिती : परिसरात राहणाऱ्या एका रहिवाशाचे परीक्षण

इंदूरमधील एका मोठ्या विद्यापीठाच्या कर्मचारी निवासस्थानांत आमचे कुटुंब बऱ्याच वर्षांपासून राहते. यजमान तेथे शिकवतात. मी स्वतः विद्यापीठाच्या नोकरीत नाही. विद्यापीठाची ‘पर्यावरण व शाश्वतता समिती’, जिला सगळे ग्रीन कॅम्पस समिती म्हणतात, ती कागदावर एक समिती असली तरी आम्हा रहिवाशांच्या दृष्टीने ती एक सेवाच आहे. दारावर येणारी कचरागाडी, जिन्यातले दिवे, वसतिगृहांच्या गच्चीवरचे सौर वॉटर हीटर, बागेला सोडले जाणारे पाणी आणि अलीकडे प्रत्येक इमारतीच्या दर्शनी भागात लागणारा वीजवापराचा तक्ता, हे सारे तिच्या देखरेखीखाली येते. ज्या सेवेवर हजारो विद्यार्थ्यांचे आणि शेकडो कुटुंबांचे रोजचे जगणे अवलंबून आहे, तिचे परीक्षण कोणी तरी नीट लिहायला हवे, म्हणून हे लिहीत आहे. विद्यापीठाचे नाव देत नाही, कारण जे दोष दाखवायचे आहेत ते या एकाच परिसराचे नाहीत. देशातील बहुतेक विद्यापीठांत ते थोड्याफार फरकाने आढळतील.

निर्णय आधीच सांगते. वीज आणि कचरा या दोन बाबतींत या समितीने मनापासून आणि चिकाटीने काम केले आहे आणि त्याचे फळ दिसते. पाण्याच्या बाबतीत मात्र ती अजून खड्डे खोदण्यात आणि फलक लावण्यातच अडकली आहे, आणि इंदूरसारख्या शहरात ही उणीव मला सर्वांत मोठी वाटते.

अशा समित्या बहुतेक ठिकाणी ‘नॅक’च्या पाहणीच्या तोंडावर स्थापन होतात. नॅकच्या, म्हणजे उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या, सात निकषांपैकी सातवा निकष संस्थात्मक मूल्ये आणि उत्तम उपक्रम यांचा होता आणि त्यात ऊर्जेची बचत, कचऱ्याची व्यवस्था, जलसंधारण, हरित परिसर आणि ग्रीन ऑडिट यांविषयी पुरावे मागितले जात. पुरावे मागितले गेले की छायाचित्रे काढली जातात, रोपे लावली जातात, अहवाल बांधून तयार होतो, आणि पाहणी संपली की समितीची बैठक पुढच्या पाहणीपर्यंत होत नाही. या विद्यापीठातही समितीचा प्रारंभ असाच झाला होता. पुढे ती टिकली आणि कामाला लागली, याचे कारण माझ्या मते तिच्या रचनेत झालेला एक बदल आहे. सुरुवातीच्या समितीत सगळे प्राध्यापक होते. नंतरच्या समितीत विद्युत विभागाचा पर्यवेक्षक, मुख्य माळी, मुख्य वॉर्डन, मेसच्या ठेकेदाराचा प्रतिनिधी आणि वित्त विभागातला एक अधिकारी यांना बसवले गेले. प्राध्यापकांना वातावरणबदलाची माहिती अधिक असेल, परंतु कोणत्या इमारतीचा पंप रात्रभर चालतो हे पर्यवेक्षकालाच ठाऊक असते, आणि कोणत्या शीर्षाखाली पैसे शिल्लक आहेत हे वित्त विभागालाच. ज्यांच्या हातून काम होते ते टेबलाशी बसल्याशिवाय ठराव हे ठरावच राहतात.

विजेपासून सुरुवात करते, कारण समितीने स्वतःही तेथूनच सुरुवात केली. पूर्वी संपूर्ण परिसराला एकच उच्च दाबाची जोडणी आणि एकच मीटर होते. महिन्याला एक बिल येई, ते वित्त विभाग भरी, आणि कोणत्या विभागाने किती वीज वापरली हे कोणालाही सांगता येत नसे. समितीने सौर पॅनेलांच्या आधी प्रत्येक इमारतीला उपमीटर बसवून घेतले. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला विद्युत विभागाचा एक वायरमन जाड पुठ्ठ्याची वही आणि टॉर्च घेऊन इमारतीमागून इमारतीत जातो, पॅनेलचे झाकण उघडतो, आकडा मोठ्याने वाचतो, बरोबरचा विद्यार्थी तो लिहून घेतो आणि मागच्या महिन्याचा आकडा तेथेच वजा करतो. फरक नेहमीपेक्षा जास्त आला की दोघे मिळून कारण शोधतात. एकदा ग्रंथालयाच्या इमारतीत सुट्टीच्या महिन्यातही आकडा उतरत नव्हता. तळघरातल्या जुन्या पाणबुडी पंपाचा स्वयंचलित स्विच अडकून पंप कोरडाच फिरत राहिला होता. उपमीटर नसता तर तो पंप जळेपर्यंत कोणालाही कळले नसते. हे आकडे नंतर तक्त्यावर लागतात आणि विभागप्रमुखांना त्यांचा जाब द्यावा लागतो.

उच्च दाबाच्या बिलात केवळ वापरलेल्या युनिटांचेच पैसे नसतात, महिन्यातील कमाल मागणीचे आणि पॉवर फॅक्टरचेही (घेतलेल्या विजेपैकी किती प्रत्यक्ष कामी येते त्या प्रमाणाचेही) असतात, ही गोष्ट विद्यार्थ्यांना समजावून सांगण्यात समितीने बराच वेळ दिला. उन्हाळ्यात दुपारी सर्व प्रयोगशाळांचे एसी एकाच वेळी सुरू झाले की मागणीचा शिखरबिंदू वर जातो आणि त्या थोड्या वेळाची किंमत संपूर्ण महिन्याच्या बिलात भरावी लागते. म्हणून एसी सुरू करण्याच्या वेळा पुढेमागे केल्या गेल्या आणि तापमान २४ अंशांवर ठेवण्याची सूचना दिली गेली. स्टार लेबल असलेल्या खोलीच्या एसींसाठी २४ अंश हे मूळ तापमान १ जानेवारी २०२० पासून ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनेच ठरवून दिलेले आहे, त्यामुळे या सूचनेवर फारसा वाद झाला नाही. पंख्यांच्या बाबतीतला हिशेब तर शाळकरी मुलालाही पटेल असा आहे: जुना छताचा पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी (ब्रशविरहित डीसी मोटरचा) पंखा ३० वॉटच्या आसपास; वसतिगृहात वर्षातले २०० दिवस रोज १२ तास पंखा चालतो असे धरले तर एका पंख्यामागे वर्षाला १०० हून अधिक युनिटे वाचतात. समितीने सगळे पंखे एकदम बदलले नाहीत. जो बिघडेल त्याच्या जागी बीएलडीसीच घ्यायचा, असा नियम तिने खरेदी विभागाकडून मान्य करून घेतला. अशा नियमाचे छायाचित्र निघत नाही, तरी मी तो सौर पॅनेलांच्या बरोबरीने मोलाचा मानते.

सौर पॅनेले मात्र चांगली बसली आहेत आणि चांगली राखलीही जातात. ती विद्यापीठाने विकत घेतलेली नाहीत. कंपनीने स्वतःच्या खर्चाने बसवली आणि विद्यापीठ ठरलेल्या दराने तिच्याकडून वीज घेते, या रेस्को पद्धतीमुळे विद्यापीठाला सुरुवातीची रक्कम उभी करावी लागली नाही. एका किलोवॅटला गच्चीवर सुमारे १० चौरस मीटर मोकळी, सावली नसलेली जागा लागते आणि आपल्या भागात त्यातून दिवसाला सरासरी ४ युनिटे मिळतात; म्हणजे १०० किलोवॅटमागे वर्षाला जवळपास दीड लाख युनिटे. देशाच्या वीजजाळ्यातील एका युनिटामागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो असे धरले जाते, त्या हिशेबाने १०० किलोवॅटची गच्ची वर्षाला १०० टनांच्या आसपास उत्सर्जन टाळते. हे आकडे समितीच्या तक्त्यावर हिशेबाच्या पायऱ्यांसह मांडलेले असतात, त्यामुळे कोणालाही ते पडताळून पाहता येतात. हा प्रामाणिकपणा मला मनापासून आवडला.

आता कचऱ्याकडे वळते. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून सतत अग्रस्थानी राहिलेल्या शहरात कचरा वेगळा करण्याची सवय विद्यापीठाने शिकवावी लागत नाही; घरून आलेली इंदूरची मुले ती घेऊनच येतात, आणि बाहेरगावच्या मुलांना पहिल्याच महिन्यात खोलीतले जोडीदार ती लावतात. महापालिकेच्या गाडीत कचऱ्याचे सहा प्रकार वेगळे घेतले जातात आणि परिसरातही तीच पद्धत आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ५००० चौरस मीटरहून मोठ्या संस्थांवर ओल्या कचऱ्याची विल्हेवाट शक्यतो स्वतःच्याच आवारात लावण्याची जबाबदारी टाकली होती. शहराच्या देवगुराडिया येथील बायो-सीएनजी प्रकल्पात, ज्याचे उद्घाटन फेब्रुवारी २०२२ मध्ये झाले आणि ज्याची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची आहे, सगळा ओला कचरा पाठवून मोकळे होणे समितीला सोपे होते. तिने तसे केले नाही. मेसचे तेलकट, मिठाचे उरलेले अन्न तेवढे बाहेर जाते. भाज्यांची साले, चहाचा चोथा आणि बागेतला सारा पालापाचोळा आवारातच जिरवला जातो.

येथे इंदूरच्या इतिहासातील एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. सेंद्रिय शेतीच्या जगात ‘इंदूर पद्धत’ या नावाने ओळखली जाणारी कंपोस्टची रीत याच शहरात, इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री या संस्थेत विकसित झाली. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात ती संस्था उभी केली आणि चालवली. त्यांचे सहकारी रसायनतज्ज्ञ यशवंत वाड यांचा या कामात बरोबरीचा वाटा होता. वाळलेला पाला, हिरवा काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि थोडी राख यांचे थर, पुरेसा ओलावा, आत हवा खेळेल अशी रचना आणि तीन वेळा पलटी, म्हणजे साधारण तीन महिन्यांत खत तयार. ती जागा आज कृषी महाविद्यालयाच्या ताब्यात आहे. शंभर वर्षांपूर्वी ज्या शहराने ही रीत जगाला दिली, त्या शहरातील विद्यापीठांत फेब्रुवारी-मार्चची पानगळ काडी लावून जाळली जात होती, याचे मला नेहमी दुःख वाटत आले आहे. आमच्या परिसरात ती जाळणे आता पूर्णपणे थांबले आहे.

खताच्या खड्ड्यांची व्यवस्था मुख्य माळ्यांकडे आहे. ढिगात एक लोखंडी सळई खोचून ठेवलेली असते. ते ती बाहेर ओढून मुठीत धरून पाहतात. हाताला चटका बसला तर ढीग नीट चालला आहे. नुसती कोमट लागली तर पाणी किंवा हिरवा माल कमी पडला आहे. आणि थंड, चिकट निघाली व तिला आंबूस वास आला तर आत हवा नाही, ढीग लगेच पलटायला हवा. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनी थर्मामीटर घेऊन आल्या तेव्हा त्यांनी त्यांना आधी सळई धरायला लावली आणि मग थर्मामीटर खोचू दिला. “आकडा तुम्ही लिहा मॅडम, पण हाताला कळलं पाहिजे,” असे ते त्यांना म्हणाले. पानांत कार्बन जास्त आणि स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त, म्हणून दोहोंचे प्रमाण जुळवून तीसास एकच्या जवळ आणायचे, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य त्या मुलींना तेथे शेणामातीत उभे राहून समजले. तयार खत चाळून रहिवाशांना कुंड्यांसाठी दिले जाते. आमच्या गच्चीवरचा कढीपत्ता आणि गवती चहा त्याच खतावर वाढलेला आहे आणि खताबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

कॅन्टीनचे काम अर्धवट आहे. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ठरावीक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आल्यावर प्लास्टिकचे चमचे आणि ग्लास गेले, ते बरे झाले. परंतु सकाळच्या पोहे-जिलेबीसाठी स्टीलच्या बशांऐवजी आतून अस्तर लावलेले कागदी द्रोण आले, ज्यांचे ना धड खत होते ना पुनर्वापर. स्टीलच्या बशा ठेवायच्या तर धुण्यासाठी माणूस आणि पाणी लागते, असे ठेकेदाराचे म्हणणे आहे आणि ते खोटे नाही. ज्या परिसरात रोज सकाळी पोह्यांच्या कढया रिकाम्या होतात तेथे समितीने एका भांडी धुणाऱ्याच्या पगाराची तरतूद ठेक्याच्या अटींतच घालायला हवी होती. ठेका दर काही वर्षांनी नव्याने निघतो. ती वेळ साधणे हेच समितीचे काम आहे.

आता पाणी. ‘पग पग रोटी, डग डग नीर’ अशी ज्या माळव्याची ख्याती होती, त्याच माळव्यातील हे शहर आज आपल्या पाण्यासाठी मुख्यतः नर्मदेवर अवलंबून आहे. या पाण्यासाठी झालेल्या १९७० च्या जनआंदोलनानंतर, १९७८ मध्ये, नर्मदेचे पाणी इंदुरात आले. मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून सुमारे ७० किलोमीटर अंतर कापून, विंध्याचा चढ चढून ते येथे पोहोचते. जलूदच्या आणि शहराच्या उंचीत ४०० मीटरांहून अधिक फरक आहे. हजार लिटर पाणी ४०० मीटर वर उचलायला भौतिकशास्त्राच्या हिशेबानेच एक युनिटाहून जास्त वीज लागते. पंपांची कार्यक्षमता, नळातील घर्षण आणि मधला घाट धरला की हा आकडा बराच वाढतो. शहराने ही गोष्ट ओळखली. महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये हरित रोखे (पर्यावरणपूरक कामांसाठीचे कर्जरोखे) काढून २४४ कोटी रुपये उभे केले, ते जलूद येथे ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठीच, म्हणजे पाणी उचलण्याच्या विजेचा भार हलका करण्यासाठी.

आमच्या समितीला मात्र पाणी आणि वीज हे एकाच हिशेबाचे दोन भाग आहेत, हे अद्याप नीट उमगलेले नाही. वीज मोजणाऱ्या समितीने पाणी मोजलेले नाही. वसतिगृहांच्या टाक्यांना मीटर नाहीत, बोअरवेलांना नाहीत, टँकरची नोंद फक्त बिलापुरती होते. त्याऐवजी समितीने पर्जन्यजल-पुनर्भरणाचे खड्डे घेतले आणि प्रत्येकावर फलक लावला. ते खड्डे वाईट आहेत असे मी म्हणत नाही. पण त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवायची हे मोजून पाहायला हवे. इंदूरला वर्षाला सरासरी ९५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १००० चौरस मीटरच्या गच्चीवरचे ८० टक्के पाणी खड्ड्यात पोहोचले असे धरले तर पूर्ण पावसाळ्यात साडेसात लाख लिटरच्या आसपास पाणी मिळते. शहरी वस्तीसाठी दरडोई दररोज १३५ लिटर हे मान्य प्रमाण धरले तर १००० विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला रोज १ लाख ३५ हजार लिटर लागतात. म्हणजे एवढ्या मोठ्या गच्चीचे वर्षभराचे पाणी त्या वसतिगृहाला सहा दिवसही पुरत नाही. हा हिशेब एकदा मांडला की पहिले काम कोणते, हे आपोआप ठरते: गळती थांबवणे, आणि एकदा वापरलेले पाणी पुन्हा वापरणे.

गळतीची एक गोष्ट मी रोज पाहते. आमच्या मागच्या वसतिगृहाच्या गच्चीवरील टाकीचा बॉल कॉक निकामी आहे. पहाटे पंप सुरू झाला की काही वेळाने टाकी भरून वाहू लागते आणि पाणी भिंतीवरून खाली येते. भिंतीवर शेवाळाचा हिरवा पट्टा तयार झाला आहे आणि खालच्या चौकोनी गटारापाशी कायम चिखल असतो. तक्रार समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावर करता येते आणि तेथे उत्तरही तत्परतेने आणि नम्रपणे मिळते. मात्र नळदुरुस्ती बांधकाम विभागाकडे आहे, बांधकाम विभागाचा प्रतिनिधी समितीत नाही, आणि म्हणून तक्रार पुढे पाठवण्यापलीकडे समितीच्या हातात काही उरत नाही. विजेच्या बाबतीत जे जमले ते पाण्याच्या बाबतीत का जमले नाही, याचे उत्तर मला यातच दिसते. एक किरकोळ किमतीचा बॉल कॉक बदलण्याचा अधिकार ज्या समितीला नाही, तिच्यावर जलसंधारणाची जबाबदारी टाकणे अन्यायाचे आहे.

खड्ड्यांबद्दल आणखी एक तांत्रिक गोष्ट. माळव्याची काळी माती पावसाने फुगते आणि तिच्यातील भेगा मिटतात. तिच्यातून पाणी फार हळू झिरपते. खड्डा तिच्याखालच्या मुरुमापर्यंत आणि झिजलेल्या काळ्या पाषाणापर्यंत नेला, त्यात खडी-वाळूची गाळणी घातली आणि दर पावसाळ्याआधी तो गाळ उपसून साफ केला तरच उपयोग होतो. परिसरातले दोन-तीन खड्डे जुलैत डबकी होतात आणि ऑगस्टमध्ये डास वाढतात. हे त्यांच्या उथळपणामुळे होत असावे असे तेथील भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांनीही सांगितले आहे, आणि त्यांना समितीत घ्यावे ही सूचना मी आग्रहाने करते. वसतिगृहांच्या सांडपाण्याचे तर नावच निघत नाही. वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी म्हणून परत येते; ते शुद्ध करून बागेला आणि फ्लशला वापरले तर उन्हाळ्यातले टँकर थांबतील. इंदूर शहराला २०२१ मध्ये देशातील पहिले ‘वॉटर प्लस’ शहर ठरवले गेले, ते सांडपाण्याच्या व्यवस्थेसाठीच. असे असताना त्याच शहरातील विद्यापीठ मे महिन्यात हिरवळीवर बोअरवेलचे पाणी फवारते, हे मला पटत नाही.

वृक्षारोपणाबद्दल थोडक्यात लिहिते. १४ जुलै २०२४ रोजी इंदूरच्या रेवती रेंजवर एका दिवसात ११ लाखांहून अधिक रोपे लावली गेली आणि त्या उत्साहाची लाट विद्यापीठांतही आली. आमच्या समितीने लावलेल्या रोपांना क्रमांक दिले आणि प्रत्येक रोप एका विद्यार्थ्याच्या नावे केले, हे योग्य झाले. पण विद्यार्थी पदवी घेऊन गेल्यावर रोप कोणाचे, याची तरतूद केलेली नाही. निवड चांगली आहे: करंज, पळस, अर्जुन, कडुनिंब, बेल, म्हणजे येथल्या मातीला आणि उन्हाला सरावलेली झाडे. प्रवेशद्वाराजवळच्या शोभेच्या कोनोकार्पसच्या रांगा तेवढ्या काढायला हव्यात. शेजारच्या गुजरात राज्याने त्याच्या लागवडीवर २०२३ मध्ये बंदी घातली आहे. सायकली आणि ई-रिक्षांची सोय पुरेशी आहे, त्याबद्दल वेगळे लिहिण्यासारखे नाही.

विद्यार्थ्यांचा सहभाग हा माझ्या मते या समितीचा कमकुवत भाग आहे, आणि त्याचा दोष विद्यार्थ्यांकडे जात नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशामुळे पर्यावरणाचा अभ्यास पदवीच्या सर्व शाखांत आला; तो विषय बहुतेक मुले गाइडवर उत्तीर्ण होतात. उपमीटर वाचणारी, ढीग पलटणारी, मेसमधल्या उरलेल्या अन्नाचे वजन करणारी मुले स्वयंसेवक आहेत. त्यांच्या या कामाला त्या विषयाचे गुण मिळत नाहीत. परिसराच्या वीजवापराचा खरा तक्ता हाती असताना परीक्षेत ‘ऊर्जाबचतीचे उपाय लिहा’ असा प्रश्न घालणे म्हणजे मिळालेल्या संधीकडे पाठ फिरवणे आहे. अभ्यासमंडळ आणि समिती यांनी एकत्र बसून हा प्रश्न एका बैठकीत सोडवता येईल.

या संदर्भात स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांची आठवण होते. होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून त्यांनी इंदूरच्या नगररचनेचा जो अहवाल १९१८ मध्ये सादर केला, त्यात शहराची घरे, नदी, बागा आणि स्वच्छता यांच्याबरोबरच इंदूरमध्ये होऊ शकणाऱ्या विद्यापीठाचाही विचार होता. प्लेगच्या त्या दिवसांत त्यांनी दिवाळीची मोठी मिरवणूक काढली आणि जाहीर केले की जी वस्ती आपली घरे आणि रस्ते सर्वांत स्वच्छ करील तिच्यातून ती जाईल. लोकांनी घरे झाडली, सारवली, रंगवली. नेतृत्व कसे करावे याचे याहून उत्तम उदाहरण मला ठाऊक नाही, आणि ते आपल्याच शहरातले आहे. आमच्या समितीने तक्ते लावून ही गोष्ट विजेच्या बाबतीत साधली: तक्त्यात बचतीत वरच्या क्रमांकावर आलेल्या वसतिगृहाला गॅदरिंगच्या खर्चासाठी जादा रक्कम मिळते आणि त्यासाठी मुले रात्री स्वतः फिरून मोकळ्या खोल्यांतले दिवे बंद करतात.

पैशांविषयी एक सूचना. विजेच्या बिलात झालेली बचत सध्या विद्यापीठाच्या सर्वसाधारण खात्यात जमा होते आणि समितीला पुढच्या कामासाठी पुन्हा हात पसरावे लागतात. बचतीचा निश्चित वाटा एका फिरत्या निधीत ठेवला, त्यातून पाण्याचे मीटर बसवले, त्या मीटरांमुळे होणाऱ्या बचतीतून सांडपाण्याचा छोटा प्रकल्प उभारला, तर समितीला दरवर्षी नव्या मंजुरीची वाट पाहावी लागणार नाही. वित्त विभागाचा अधिकारी समितीत आधीच बसतो, तेव्हा ही गोष्ट अवघड नसावी.

पुढील वर्षी मुलामुलींचा प्रवेश ठरवताना परिसर पाहायला येणाऱ्या पालकांनी हिरवळ आणि कारंजे पाहण्याऐवजी इमारतीच्या दारातला वीजवापराचा तक्ता या महिन्याचा आहे का, हे पाहावे आणि वॉर्डनना वसतिगृहाचा रोजचा पाणीवापर विचारावा. समितीची बैठक दर तिमाहीस होते आणि रहिवाशांना विषय सुचवण्याची मुभा आहे. प्रत्येक टाकीला आणि बोअरवेलला मीटर, बांधकाम विभागाच्या अभियंत्याला समितीत जागा, आणि किरकोळ नळदुरुस्ती परस्पर करून घेण्याचा अधिकार, हे तीन विषय मी लेखी दिले आहेत. मुख्य वॉर्डन आणि विद्युत पर्यवेक्षक यांनी त्या अर्जावर सह्या केल्या आहेत. कुलसचिवांच्या कार्यालयाने तो आवक नोंदवहीत घेतला असून येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेत त्याला पाचवा क्रमांक मिळाला आहे.